साधू नाय, सहादू

"साधू नाय हो, सहादू. स... हा... दू. सहादू टेलर्स."

पलीकडच्या माणसाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला कुंभमेळ्यासाठी भगव्या कफन्या शिवून हव्या होत्या, त्याही घाऊक, आणि 'साधू टेलर्स'हून योग्य जागा त्याला सबंध नाशकात दिसत नव्हती.

"कफन्या शिवत नाय आम्ही. शाळेचे ड्रेस, दवाखान्याचे कोट, शर्ट-पँट. नाय, ओळखीत पण नाय. अहो, मी साधू नाय आणि माझं दुकान बी साधू नाय."

सहादूने फोन कटिंगच्या टेबलावर ठेवला. आपटायची फार इच्छा होती, पण फोन सुनेने घेऊन दिलेला, त्यामुळे आपटता येत नव्हता. त्याने आपला राग समोरच्या कापडावर काढला आणि खडूची रेघ नको तितकी जाड उमटली.

कुंभमेळा जवळ येऊ लागला तसं हे रोजचंच झालं होतं. शहरभर रस्ते खोदलेले, नाशिक रोडहून पंचवटीला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि इथे फोन साधूंच्या नावाने वाजतोय. कुणी मोबाईलवर 'सहादू' लिहायला गेलं की तो शहाणा मोबाईल आपल्या अकलेने ते सुधारून 'साधू' करायचा. बरं, त्याआधी सुख होतं असंही नाही. पाटी रंगवणाऱ्या पेंटरने इंग्रजीतला एक 'ए' गाळला होता. सहादूला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे ही चूक पहिल्यांदा कळली ती एक बाई गणपतीसाठी शाडू माती मागायला आली तेव्हा. मग तो 'ए' दोन अक्षरांच्या डोक्यावर कसाबसा बसवला गेला, पण गुगलच्या नकाशाने जुनीच पाटी उचलली होती. दर पावसाळ्यात शाडूच्या मूर्तींची चौकशी ठरलेली. एका माणसाचं एक नाव, तेही तीन अक्षरी, आणि जग त्याला काही ते सुखाने घेऊ देत नव्हतं.

"अण्णा, परत साधू?" आतून सुयश आला. सिन्नरच्या कारखान्यात कामाला असलेला हा त्याचा मुलगा आज सुट्टी असल्यामुळे सकाळपासून लॅपटॉप घेऊन बसला होता.

"परत साधू. उद्या कुणी पाया पडायला आलं तर नवल नाय."

"म्हणून तर म्हणतोय. वेबसाईटला दुसरं नाव घेऊ."

"दुकान माझं आन् नाव दुसऱ्याचं? वा रे वा."

वेबसाईटचं प्रकरण सुनेने, चैतालीने आणलं होतं. शिवणाचा धंदा रेडीमेडने मोडत आणला तेव्हा हिनेच गणवेशाची लाईन धरली आणि मशीन चालू ठेवली, हे सहादू मनात मानत होता, तोंडाने कधी म्हणाला नव्हता. आता एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलचं वर्षभराचं काम मिळायची शक्यता होती. नर्स, वॉर्डबॉय, मावश्या, सगळ्यांचे कपडे. पण त्यांच्या खरेदी विभागाचा नियम असा की पुरवठादाराची स्वतःची वेबसाईट हवी आणि ईमेलही त्याच नावाचा. नोंदणीची मुदत आज संध्याकाळी संपत होती. बाकी सगळं तयार होतं, फोटो काढून झाले होते, अडलं होतं ते फक्त नावावर.

"हे बघा," सुयश मोबाईलवर वाचू लागला, "नाव लहान पाहिजे. ऐकलं की लिहिता आलं पाहिजे. मध्ये आडवी रेघ नको, आकडे नको. आणि दुसऱ्या कशाशी घोटाळा व्हायला नको."

"सहादू लहानच हे. याच्यापरीस लहान म्हंजे नुसतं 'ए' म्हणायचं."

"लहान आहे हो अण्णा, पण घोटाळा?"

"घोटाळा लोकांच्या कानात हे. माझ्या नावात नाय."

सुयशला कारखान्यात एक सवय लागली होती, कुठल्याही गोष्टीची चाचणी घेतल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि सायखेड्याच्या वाल्मीकमामाला लावला. वाल्मीक म्हणजे सुयशच्या आईचा, सुलाबाईचा सख्खा भाऊ, लग्नापासून मेहुण्याला नावानिशी ओळखणारा.

"मामा, अण्णांचं नाव इंग्रजीत टाईप करून पाठवा बरं. लगेच."

मामाने लगेच पाठवलं. सुयशने स्क्रीन बापासमोर धरली. 'शहाडू' असं काहीतरी झालं होतं.

"पाहुण्याला कधी अक्कल नव्हतीच," सहादू म्हणाला.

"माझा भाऊ हाय तो," मागून सुलाबाईचा आवाज आला.

सुलाबाई सहादूची बायको. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात तिची जागा होती. तिथे एका खोक्यावर बसून ती शर्टांना काज करायची आणि बटणं लावायची. काजाचं मशीन चैतालीने आणलं होतं, पण डॉक्टरांचे कोट आणि जुन्या गिऱ्हाइकांचे शर्ट अजून तिच्याच हातचे असत. सकाळपासूनच्या या वादात तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही तोंड घातलं नव्हतं.

दुसरी चाचणी रविराजवर झाली. तो सुयशच्या कारखान्यातला मित्र, इंजिनियर माणूस. सुयशने नाव सांगितलं तसा तिकडून हसण्याचा आवाज आला. "साधू टेलर्स? अण्णांनी संन्यास घेतला की काय?"

"फोन ठेव," सहादू म्हणाला. "सगळे तुझेच नमुने."

मग चैतालीने स्वयंपाकाचा हात पुसला आणि मैदानात उतरली. तिने एक झकास इंग्रजी नाव सुचवलं. ते कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं. त्याला मागे 'युनिफॉर्म' जोडून पाहिलं, तेही गेलेलं. 'रॉयल' लावून पाहिलं. 'परफेक्ट' लावून पाहिलं. जगातले सगळे रॉयल आणि परफेक्ट शिंपी आधीच रांगेत पुढे उभे होते.

"घेतलंय म्हंजे काय?" सहादूने चष्मा वर केला. "तिथं दुकान हे का त्याचं?"

"नाही. नुसतं अडवून ठेवलंय. आपण मागितलं की भाव सांगणार."

"म्हंजे आपल्या इथल्या प्लॉटावाणी. भवती तारेचं कुंपण, आत गाजरगवत."

"तसंच."

"मग त्याला म्हणावं बस तिथंच गवत उपटत."

शेवटी गावाचं नाव घालू म्हटलं, तर नवराबायकोत जुंपली. चैताली म्हणे 'नाशिक'मध्ये एच पाहिजे, सुयश म्हणे अर्धं जग अजून एच न घालता लिहितं. एच घालावा तर बिनएचवाले चुकणार, न घालावा तर एचवाले. ज्या गावात राहायचं त्याचं स्पेलिंग ठरेना, तिथे सहादूच्या नावाचं काय घेऊन बसलात. दुपार झाली. आमटी दोनदा गरम करून झाली. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं आणि प्रत्येकाला आपणच एकटे शहाणे आहोत असं वाटत होतं. हॉस्पिटलची मुदत मात्र कुणासाठी थांबणार नव्हती.

"अण्णा, नुसतं वेबसाईटला हो," चैताली काकुळतीला आली. "पाटी राहू द्या ना तुमच्या नावाची. पाटीला कोण हात लावतंय?"

"पाटी बघायला कोण येतंय आता?" सहादू म्हणाला. "तूच म्हणती ना, सगळे मोबाईलवर बघतात. मग मोबाईलवर जे नाव तेच दुकान. मला समजत नाय असं समजू नको."

म्हातारा खरं तेच बोलत होता.

त्याच वेळी अंजली सिस्टर आत आली. ती जवळच्याच सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिचा पांढरा कोट बटणांसाठी टाकलेला होता. आल्या आल्या तिने भांडणाचा सूर लावला.

"किती फोन करायचे माणसाने? सकाळपासून एंगेज. कुणी दुकान विकत घेतंय की काय?"

"तुमचाच फोन आत्ता आला होता का सिस्टर?" चैतालीने विचारलं. "माझ्याकडे नाही दिसत."

"हे बघा, पाच वेळा लावलाय." तिने मोबाईल पुढे केला.

सुयशची नजर त्या मोबाईलवर गेली आणि तिथेच थांबली. पाच ओळी, पाचही ठिकाणी एकच नाव होतं. इंग्रजी अक्षरांत 'काजबटण'.

"सिस्टर, हे काय नाव टाकलंय तुम्ही?"

"का? तुमचंच आहे की." तिला त्यात विचारण्यासारखं काही दिसेना. "आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. कोट कुठे दिलाय, तर काजबटणकडे. दुकानात फोन लावला की तुमच्या या मावशीच म्हणायच्या ना, 'काजबटणवाली बोलते'. खरं सांगू, मला कितीतरी वर्षं ते तुमचं आडनावच वाटायचं."

सगळे मधल्या दाराकडे वळले. सुलाबाईने सुईत दोरा ओवायला घेतला होता, तो ओवून होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

"आई, तू असं सांगायचीस?" सुयश म्हणाला.

"मग काय सांगू? लोक विचारायचे कोण दुकान. दुकानाला ह्यांचं नाव. ते मी कसं घेऊ?"

ही अडचण त्या घरात कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. सुलाबाईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि तेही बँडच्या आवाजात सहादूला ऐकू आलं नव्हतं. सुयशला शाळेत घातला तेव्हा बाईंनी वडिलांचं नाव विचारलं, तर ही त्यांना दाराबाहेर घेऊन गेली होती आणि रस्त्यापलीकडच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं. पण फोनवर बोट दाखवता येत नाही. मग तिने आपल्या हातातलं काम सांगितलं होतं, आणि फोन करणाऱ्यांनी तेच दुकानाचं नाव म्हणून लिहून घेतलं होतं.

सुयशमधला चाचणीवाला जागा झाला. त्याने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या चिमाजींच्या घरी त्यांच्या सूनबाईने सांगितलं, काजबटण. शाळेच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाई म्हणाल्या, काजबटण, का, चुकलं का? एकीने 'बटण'ऐवजी इंग्रजी 'बटन' लिहिलं होतं, एवढाच काय तो फरक. कुणी साधू म्हटलं नाही की शाडू म्हटलं नाही. सुयशने घाईघाईने लॅपटॉपवर नाव टाकून पाहिलं आणि खुर्चीतून अर्धा उठला.

"मोकळं आहे. डॉट कॉम मोकळं आहे. बटनवालंही घेऊन ठेवू, कुणी तिकडे गेलं तरी इकडेच येईल."

"घे लगेच," चैताली म्हणाली. "दुसऱ्या कुणी अडवायच्या आत."

"ते नाव नाय घ्यायचं," सहादू म्हणाला.

तो ओरडला नव्हता, पण सुयशचा हात थांबला. अंजली सिस्टर आपला तयार कोट घेऊन हळूच बाहेर पडली. भांडायला आलेल्या माणसालाही घरातलं भांडण कधी खरं होतं ते कळतं.

"अण्णा, आता काय झालं? सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव आहे."

"मला बी ठाऊक हे. तुझ्या आधीपासून." सहादूने टेप गळ्यातून काढला आणि उगाच गुंडाळू लागला. "सायखेड्यावरून आलो तवा तुझ्या अर्ध्या वयाचा पण नव्हतो. मास्तराच्या दुकानात काजबटणाला बसवलं मला. मशीनीला हात लावायचा नाय, कात्रीला हात लावायचा नाय. नाव बी नाय विचारलं कुणी. 'ए काजबटण, पाणी आण.' 'ए काजबटण, चहा सांग.' गिऱ्हाईक बी तसंच म्हणायचं. रस्त्यानं चाललो तरी मागून हाक, ए काजबटण. लय राग यायचा. तवाच ठरवलं, एक दिवस पाटी लावीन आन् पाटीवर माझं नाव असंल. पुरं नाव. हे सगळं केलं ते काय परत काजबटण व्हायला?"

सुयशला हे माहीत नव्हतं. बापाच्या हट्टाला तो सकाळपासून म्हातारपण समजत होता, याची त्याला आता लाज वाटली. त्याने लॅपटॉप जरा पुढे सरकवला आणि म्हणाला, "बरं. सहादूच टाकू. होईल ते होईल."

चैतालीचा चेहरा उतरला, पण तिनेही मान हलवली.

त्या शांततेत एक बारीकसा आवाज तेवढा येत होता. कापडातून दोरा ओढला जाण्याचा. सहादूला तो आवाज जन्मभराचा परिचयाचा होता, इतका की आता तो ऐकूही येत नसे. आज आला. त्याने मागे वळून पाहिलं. सुलाबाई मान खाली घालून काज भरत होती. मास्तराच्या दुकानात तो जसा बसायचा तशीच, दाराच्या उजेडाला, खोक्यावर. त्या कामातून सुटून सहादू मशीनवर बसला, मग कात्रीवर गेला, मग मालक झाला. आणि मालक झाल्यावर काजबटणाला त्याने हिला बसवलं. ते काम कुणीतरी करायला हवंच होतं, त्यात त्याने कधी विचार केला नव्हता. पाटीवर एक नाव लागलं, ते त्याचं. ज्या हाकेने त्याच्या अंगाची लाही व्हायची, त्या हाकेला ही इतकी वर्षं 'ओ' देत होती, आणि वर स्वतःहून सांगत होती, काजबटणवाली बोलते.

त्याला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा रागही आला, कारण आता भांडायलाही जागा उरली नाही.

"तुला राग नाय आला कधी?" त्याने विचारलं.

"कशाचा?"

"काजबटण म्हणायचे त्याचा."

सुलाबाईने जरा विचार केला. "गिऱ्हाईक हाक मारतंय म्हणल्यावर राग काय यायचा? शर्ट बिनबटणाचा घालून जाईल का कुणी?"

सहादूने टेप पुन्हा गळ्यात घातला. चौदा एप्रिलच्या गर्दीत, सगळ्या कॉलनीचे पांढरे कपडे एकाच दिवशी द्यायचे असत तेव्हा, शेवटच्या शर्टाचं शेवटचं बटण हिच्याच हातून लागून जायचं. ते त्याला आत्ता आठवलं.

"घे ते," तो सुयशला म्हणाला.

"कोणतं?"

"काजबटण. घे म्हणतो ना. का संध्याकाळ व्हायची वाट बघतो?"

सुयशने बापाचा विचार पुन्हा बदलायच्या आत नाव घेतलं. चैतालीने त्याच नावाचा ईमेल तयार केला, नोंदणी भरली. ऊन कलायच्या सुमाराला सगळं गेलं आणि थोड्याच वेळात हॉस्पिटलच्या खरेदी विभागातून फोन आला. तोही सहादूनेच घेतला. सुयशने खूण केली तसा स्पीकर चालू केला.

"नवीन नोंदणी आलीय, माहिती पडताळायची होती," तिकडून एक मुलगी बोलत होती. "वेबसाईटचं नाव सांगता का?"

"काजबटण," सहादू म्हणाला आणि सवयीने पुढची लढाई करायला सरसावला. "के... ए..."

"नको, कळलं. काजबटण. छान आहे." तिकडे टकटक झाली. "आणि मालकाचं नाव?"

सहादूने घसा साफ केला. "सहादू."

"साधू?"

"नाय. सहादू."

"शाडू का? आवाज तुटतोय जरा."

सहादूने तोंड उघडलं. स, हा, दू. कितव्यांदा ते देव जाणे. दिवसभराचा सगळा थकवा एकदम त्याच्या खांद्यावर आला आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की जाऊ दे, काय अडलंय.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "टेलर लिहा नुसतं. काजबटणचा टेलर."

"सहादू," मागून आवाज आला.

सुलाबाईने मान वर केली नव्हती. हातातला एका डॉक्टरांचा कोट तसाच गुडघ्यावर होता. माप सांगावं तसं, स्वच्छ आणि मोठ्याने ती म्हणाली, "सहादू. सहादू नाव हाय त्यांचं. टेलर काय लिहिता?"

"हं, सहादू," तिकडची मुलगी म्हणाली. "आता बरोबर ऐकू आलं. लिहिलं."

चैतालीने सुयशकडे पाहिलं आणि सुयशने जमिनीकडे. सुलाबाईने दाताने दोरा तोडला, बटण ओढून पाहिलं आणि कोटाची पुढची बाजू वळवून घेतली.

"पत्ता सांगता?" तिकडून विचारणा झाली. "हॅलो? ऐकू येतंय का?"

सहादूला येत होतं. पण ज्या घरात त्याचा जन्म गेला त्याचा पत्ता काही केल्या त्याच्या तोंडातून बाहेर येईना. मग चैतालीने त्याच्या हातातून हळूच फोन घेतला आणि पत्ता सांगितला.